इतिहास लिहिणारे आणि जपणारे ख्रिस्ती विद्वान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे नेमक्या कोणत्या लोकांबद्दल बोलायचे आहे?

चौथ्या शतकापासून पुढे ज्या ख्रिस्ती बिशपांनी, मठवासींनी, भाषांतरकारांनी आणि क्वचित राजघराण्यातल्या माणसांनी इतिहास लिहिला किंवा दुसऱ्यांनी लिहिलेला नकला करून टिकवला, त्यांच्याबद्दल. यांतले काही जण मोठे लेखक होते. बहुतेकांचे नावही आपल्याला माहीत नाही. फक्त त्यांचे अक्षर माहीत आहे. मला दोघेही सारखेच महत्त्वाचे वाटतात, कारण लिहिलेले कोणी उतरवून ठेवले नसते तर ते लिहिले गेले होते हेही आपल्याला कळले नसते.

या परंपरेची सुरुवात कोणापासून धरायची?

सिझेरियाचे बिशप युसेबियस यांच्यापासून. त्यांचा काळ साधारण इ.स. २६० ते ३३९. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या या शहरात ओरिजेन या विद्वानाने तिसऱ्या शतकात अध्यापन केले होते. त्यांचे ग्रंथ तिथेच राहिले. पुढे पॅम्फिलस यांनी त्यात भर घालून मोठे ग्रंथालय उभे केले. युसेबियस त्यांचे शिष्य. इ.स. ३१० मध्ये रोमन सत्तेने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात पॅम्फिलस मारले गेले. गुरूवरच्या मायेने शिष्याने त्यांचे नाव आपल्या नावाला जोडून घेतले.

युसेबियस यांचा दहा भागांचा ‘चर्चचा इतिहास’ उघडला की पहिल्याच प्रकरणात ते म्हणतात की या वाटेने आपल्या आधी कोणी गेलेले नाही. ते खरेच होते. पण त्यांचे खरे वेगळेपण त्यांच्या पद्धतीत आहे. त्या काळचे नामवंत इतिहासकार सेनापतींच्या तोंडी स्वतः रचलेली भाषणे घालत आणि मूळ कागद मात्र क्वचितच देत. युसेबियस पत्र, हुकूम, साक्ष जशी हाती आली तशी पानेच्या पाने उतरवून देतात. इ.स. १७७ मध्ये गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, ल्यों आणि व्हिएन या शहरांतल्या ख्रिस्ती लोकांवर जे अत्याचार झाले, त्याचे तिथल्याच लोकांनी लिहिलेले पत्र आज आपल्याला वाचता येते ते युसेबियस यांच्यामुळे. सम्राट गॅलेरियसने ३११ मध्ये छळ थांबवण्याचा जो हुकूम काढला, तोही त्यांनी ग्रीकमध्ये आणून दिला. पेपियस, हेगेसिपस अशा सुरुवातीच्या लेखकांचे ग्रंथ हरवले. त्यांतले जे तुकडे उरले त्यांचा मोठा भाग युसेबियस यांच्या पानांत आहे.

पण युसेबियस पक्षपाती होते ना?

होते. सम्राट कॉन्स्टंटाइन यांच्याबद्दल ते लिहितात तेव्हा इतिहासकार मागे पडतो आणि स्तुतिपाठक पुढे येतो. एक उदाहरण पुरेसे आहे. सम्राटाचा मुलगा क्रिस्पस याचे त्यांनी आपल्या इतिहासात कौतुक केले होते. इ.स. ३२६ मध्ये बापानेच क्रिस्पसला ठार करवले. त्यानंतर युसेबियस यांनी सम्राटाचे जे चरित्र लिहिले त्यात या मुलाचा उल्लेखच नाही. शिवाय छळाच्या काळातल्या चर्चमधल्या भांडणांबद्दल आपण जे उपयोगी तेवढेच सांगू, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

मग त्यांना कसे वाचायचे? त्यांचे मत आणि त्यांनी दिलेला कागद यांची वेगवेगळी पारख करून. ज्या माणसाने मूळ कागद समोर ठेवला, त्याने आपल्याला स्वतःशी असहमत होण्याचे साधनही दिले. माझ्या मते या सगळ्या परंपरेचे सर्वांत मोठे देणे हेच आहे.

इसवी सन मोजायची पद्धत कोणाची?

रोममध्ये राहणारे मठवासी डायोनिसियस एक्झिग्युअस यांची. ईस्टरच्या तारखांचे तक्ते बनवताना इ.स. ५२५ मध्ये त्यांनी ती वापरली. त्याआधीचे तक्ते सम्राट डायोक्लिशनच्या राज्यारोहणापासून वर्षे मोजत. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्याच्या नावाने वर्षे मोजणे डायोनिसियस यांना नको होते, म्हणून त्यांनी ख्रिस्ताच्या जन्मापासून गणना केली. त्यात शून्य वर्ष नाही, हे तारखांचे हिशोब करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

तक्त्यांपुरती असलेली ही गणना इतिहासलेखनात रुजवली ती इंग्लंडमधल्या संत बीड यांनी.

संत बीड आयुष्यभर एका मठात राहिले. मग त्यांनी एका देशाचा इतिहास लिहिला कसा?

पत्रे लिहून, माणसे पाठवून आणि कोणी काय सांगितले याची नोंद ठेवून.

बीड यांचा जन्म ६७२ किंवा ६७३ चा, मृत्यू ७३५ चा. वयाच्या सातव्या वर्षी ते उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थंब्रिया राज्यातल्या वेअरमथच्या मठात आले आणि पुढचे आयुष्य जोडमठ असलेल्या जॅरो इथे गेले. मठाचे संस्थापक बेनेडिक्ट बिस्कप यांनी रोमच्या अनेक वाऱ्या करून ग्रंथ आणले होते, त्यामुळे त्या थंड, दूरच्या कोपऱ्यातही बीड यांच्या हाताशी उत्तम ग्रंथालय होते. पण इंग्लंडच्या वेगवेगळ्या राज्यांत काय घडले हे त्या ग्रंथांत नव्हते. ते त्यांनी मागवले. कॅंटरबरीचे मठाधिपती अल्बिनस यांनी तिकडची माहिती कळवली. लंडनचे धर्मगुरू नोथहेल्म रोमला गेले, पोपच्या दप्तरातली जुनी पत्रे शोधून त्यांच्या नकला घेऊन आले आणि त्या बीड यांना दिल्या. पश्चिम सॅक्सन प्रदेशाबद्दल बिशप डॅनियल यांनी लिहून पाठवले. ७३१ मध्ये पूर्ण झालेल्या ‘इंग्रज लोकांचा चर्च-इतिहास’ या पाच भागांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बीड ही सगळी नावे घेतात आणि कोणता भाग कोणाकडून मिळाला ते सांगतात. ग्रंथ राजा सीओलवुल्फ यांना अर्पण केलेला आहे. राजासमोरही त्यांनी आपल्या माहितीचा हिशोब मांडला.

याहून मला भावते ती त्यांची आणखी एक सवय. लूकच्या शुभवर्तमानावरच्या भाष्यात त्यांनी समासात छोटी अक्षरे लिहिली: हे वाक्य अँब्रोज यांचे, हे ऑगस्टीन यांचे, हे जेरोम यांचे, हे ग्रेगरी यांचे. दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून खपू नयेत, एवढ्यासाठी. आणि पुढे नक्कल करणाऱ्यांना त्यांनी विनंती केली की ही अक्षरे गाळू नका. अनेकांनी गाळलीच. काहींनी मात्र जपली, म्हणून आपल्याला हे कळते.

इतिहासाच्या मध्येच चमत्कार का येतात?

कारण लिहिणाऱ्यांचा त्यांवर विश्वास होता आणि वाचणाऱ्यांचाही. चमत्कार सांगतानासुद्धा बीड अनेकदा सांगणाऱ्याचे नाव किंवा त्याची ओळख देतात. ती कथा खरी मानायची की नाही हे प्रत्येकाने ठरवावे, पण त्या शतकातली माणसे कशाला घाबरत, कशावर आशा ठेवत, हे समजायला त्या कथांइतके जवळचे साधन दुसरे नाही.

मठांमध्ये नकला करण्याचे काम चालायचे कसे?

चर्मपत्र, बोरू, शाई आणि दिवसाचा उजेड. वासरांची किंवा मेंढ्यांची कातडी चुन्यात भिजवायची, ताणून खरवडायची, आखायची आणि मग लिहायला बसायचे. सहाव्या शतकात कॅसिओडोरस या माजी मंत्र्याने दक्षिण इटलीत स्क्विलाचे इथे आपल्या जमिनीवर व्हिव्हेरियम नावाचा मठ उभारला आणि लेखनिकाच्या कामाला साधनेचा मान दिला. त्यांच्या मते पवित्र ग्रंथाचा लिहिलेला प्रत्येक शब्द म्हणजे सैतानाला झालेली एक जखम. नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी आपल्या मठवासींसाठी शुद्धलेखनाचे पुस्तक रचले, कारण चुकीची नक्कल त्यांना सहन होत नव्हती.

या कामाला किती खर्च यायचा हे समजायला बीड यांच्याच मठातले एक बायबल पाहावे. मठाधिपती सीओलफ्रिथ यांनी संपूर्ण बायबलच्या तीन भव्य प्रती करवल्या. त्यांतली एक पोपना देण्यासाठी ते ७१६ मध्ये स्वतः निघाले आणि वाटेतच वारले. ती प्रत मात्र इटलीत पोचली. तिचे वजन चौतीस किलोच्या आसपास आहे आणि तिच्यासाठी सुमारे ५०० जनावरांची कातडी लागली असावीत. पुढे कोणीतरी अर्पणपत्रिकेतले सीओलफ्रिथ यांचे नाव खरवडून दुसरे घातले, त्यामुळे कित्येक शतके ती इटलीतलीच समजली जात होती. एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी ते खोडलेले नाव ओळखले. आज ती फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे.

ख्रिस्ती नसलेल्यांचे ग्रंथ मठांनी का जपले?

लॅटिन चांगली शिकायची तर चांगले लॅटिन लेखक वाचावे लागत, हे एक कारण. दुसरे म्हणजे काही माणसांना पुस्तकांचे वेडच होते. नवव्या शतकातले फेरिएरचे मठाधिपती लुपस यांची पत्रे वाचा: सिसेरोचा अमुक ग्रंथ आमच्याकडे आहे, पण तुमची प्रत पाठवा म्हणजे दोन्ही ताडून पाहता येतील, असे ते मागत राहतात. एका पत्रात ते कळवतात की बीड यांनी केलेले संकलन पाठवायची भीती वाटते, कारण ग्रंथ इतका मोठा आहे की तो झोळीत लपत नाही आणि वाटेत चोरांच्या नजरेस पडेल.

या वेडाचे फळ केवढे, ते टॅसिटस या रोमन इतिहासकारावरून दिसते. त्यांनी ख्रिस्ती धर्माला घातक अंधश्रद्धा म्हटले आहे. तरीही त्यांच्या ‘ॲनल्स’चे पहिले सहा भाग आपल्यापर्यंत आले ते एकाच हस्तलिखितातून, आणि ते नवव्या शतकात जर्मनीतल्या फुल्डाच्या मठात लिहिले गेले. त्याच ग्रंथाचे उत्तरार्धातले भाग आणि ‘हिस्टरीज’ आले ते अकराव्या शतकात माँते कॅसिनोच्या मठात लिहिलेल्या दुसऱ्या एका प्रतीतून. मठवासींनी आपल्या श्रद्धेची निंदा करणारी ओळसुद्धा जशीच्या तशी उतरवली. या गोष्टीचा मला मनापासून आदर वाटतो.

मग जुने ग्रंथ खरवडून त्यांवर प्रार्थना लिहिल्या, हे खोटे का?

खोटे नाही. चर्मपत्र महाग होते आणि ज्याचा उपयोग दिसत नाही असा मजकूर धुऊन किंवा खरवडून त्याच पानांवर दुसरे लिहिले जाई. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली एक प्रत तेराव्या शतकात अशीच खरवडली गेली आणि तिचे प्रार्थनापुस्तक झाले. नुकसान झालेच. पण ते प्रार्थनापुस्तक म्हणून जपले गेले, आणि १९०६ मध्ये डॅनिश अभ्यासक हायबर्ग यांना त्या प्रार्थनांखाली आर्किमिडीजचा असा एक ग्रंथ सापडला जो दुसरीकडे कुठेच उरलेला नाही. सिसेरोच्या राज्यशास्त्रावरच्या ग्रंथाचा मोठा भाग असाच ऑगस्टीन यांच्या स्तोत्रभाष्याखाली दडलेला होता. व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख अँजेलो माय यांनी तो १८१९ मध्ये शोधला.

नकला करताना मजकुरात फेरफार केले गेले का?

काही ठिकाणी नक्कीच. सर्वांत गाजलेले उदाहरण ज्यू इतिहासकार जोसेफस यांचे. पहिल्या शतकातल्या त्यांच्या ग्रंथाच्या अठराव्या भागात येशूबद्दल एक परिच्छेद आहे, त्यात ‘तो ख्रिस्त होता’ अशी कबुली येते. पण तिसऱ्या शतकात ओरिजेन स्पष्ट लिहितात की जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हते. म्हणून मूळ उल्लेखावर नंतर ख्रिस्ती हाताने भर घातली, असे आज बहुसंख्य अभ्यासक मानतात. हे दुखते, पण ते मान्यच केले पाहिजे. आणि त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की जोसेफस यांचे ग्रीक ग्रंथ टिकले तेही ख्रिस्ती लेखनिकांमुळेच.

लेखकांनाही या धोक्याची जाणीव होती. सहाव्या शतकातले तूरचे बिशप ग्रेगरी आपल्या इतिहासाच्या शेवटी पुढच्या बिशपांना शपथ घालतात: माझी भाषा गावंढळ वाटली तरी या ग्रंथात काटछाट करू नका, यातले निवडक ठेवून बाकीचे टाकू नका. तरी नंतरच्या काहींनी ती काटछाट केलीच.

हे सगळे युरोपातच घडले का?

मुळीच नाही, आणि या विषयावरच्या लेखनात सर्वांत मोठा अन्याय इथेच होतो.

नवव्या शतकातले बगदाद घ्या. हुनैन इब्न इसहाक हे पूर्वेकडच्या सिरियाक चर्चचे ख्रिस्ती वैद्य, जन्म हीरा इथला, काळ ८०९ ते ८७३. ग्रीक, सिरियाक (पश्चिम आशियातल्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) आणि अरबी या तिन्ही भाषा त्यांच्या हातात होत्या. गेलन या ग्रीक वैद्याच्या १२९ ग्रंथांची त्यांनी यादी केली आणि प्रत्येकाचे भाषांतर कोणी, कोणासाठी केले ते नोंदवले. एका ग्रंथाच्या शोधात आपण मेसोपोटेमिया, सीरिया, पॅलेस्टाइन पालथे घालून अलेक्झांड्रियापर्यंत गेलो आणि शेवटी दमास्कसमध्ये साधारण अर्धाच मिळाला, असे ते लिहितात. भाषांतराला बसण्यापूर्वी शक्य तितक्या ग्रीक प्रती जमवून, त्या ताडून शुद्ध पाठ ठरवायचा, हा त्यांचा नियम होता. गेलनचे काही ग्रंथ आज फक्त या भाषांतरांमुळे वाचता येतात. खलिफांच्या दरबाराने पैसा आणि मान दिला, ख्रिस्ती भाषांतरकारांनी विद्या दिली. यातले एक वगळून दुसऱ्याची गोष्ट सांगता येत नाही.

आर्मेनियात मेस्रोप माश्तोत्स यांनी इ.स. ४०५ च्या सुमारास आर्मेनियन लिपी घडवली आणि लगोलग भाषांतरांचा ओघ सुरू झाला. युसेबियस यांच्या कालक्रमाचा मूळ ग्रीक ग्रंथ हरवला, पण आर्मेनियन भाषांतर राहिले. सिरियाक परंपरेत बाराव्या शतकातले पॅट्रिआर्क, म्हणजे चर्चचे प्रमुख, मायकेल आणि तेराव्या शतकातले बार हेब्रायस यांनी जगाच्या उत्पत्तीपासून आपल्या काळापर्यंतचे विशाल इतिहास लिहिले. धर्मयुद्धे आणि मंगोल आक्रमणे यांच्याकडे पाहणारी तिसरी नजर त्यांतून मिळते.

इथिओपियाचे ऋण तर फार थोड्यांना ठाऊक आहे. निकिऊचे बिशप जॉन यांनी सातव्या शतकात अरबांनी इजिप्त जिंकल्याचा जवळच्या काळातला वृत्तांत लिहिला. त्याची मूळ प्रत नाही, अरबी भाषांतरही नाही. त्या अरबीवरून १६०२ मध्ये गीझ या इथिओपियाच्या जुन्या धर्मभाषेत केलेले भाषांतर तेवढे उरले. ‘हनोखचे पुस्तक’ संपूर्ण स्वरूपात टिकले तेही गीझमध्येच, इथिओपियाच्या चर्चने ते पवित्र मानले म्हणून.

यात स्त्रिया होत्या का?

होत्या. दहाव्या शतकात गांडरशाइमच्या मठातल्या ह्रोत्स्विता यांनी सम्राट ओट्टो यांच्या कारकिर्दीवर लॅटिन काव्य रचले. आणि कॉन्स्टँटिनोपलच्या राजकन्या ॲना कोम्नेनी यांनी बाराव्या शतकात वडिलांच्या, म्हणजे सम्राट अलेक्सिओस यांच्या, राज्याचा पंधरा भागांचा इतिहास ‘अलेक्सियाड’ लिहिला. पहिल्या धर्मयुद्धाच्या फौजा राजधानीच्या वेशीवर आल्या तेव्हा त्या १३ वर्षांच्या होत्या. त्या फौजांकडे पाहणारा असा सविस्तर ग्रीक वृत्तांत दुसरा नाही. वडिलांवरचे प्रेम त्या लपवत नाहीत, पण जुन्या सैनिकांशी बोलून आणि कागद जुळवून लिहिले, हेही सांगतात.

कागद खरा की बनावट हे ओळखण्याचे शास्त्र कोणी घडवले?

पाया पुन्हा ख्रिस्ती विद्वानांनीच घातला, आणि तोही एकमेकांशी वाद घालून.

पश्चिमेची सत्ता पोपना दिल्याचे सांगणारे ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ बनावट आहे, हे १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला यांनी त्यातल्या लॅटिनवरून दाखवले. ते स्वतः ख्रिस्ती होते आणि पुढे पोपच्याच सेवेत लागले.

मोठा टप्पा आला सतराव्या शतकात. संतांच्या चरित्रांची चिकित्सा करणाऱ्या बोलांडिस्ट नावाच्या जेझुइट संघातल्या मंडळाचे डॅनियल पापेब्रोक यांनी १६७५ मध्ये लिहिले की बेनेडिक्टाइन या दुसऱ्या जुन्या संघाच्या मठांकडची बरीच जुनी दानपत्रे संशयास्पद आहेत. मठांसाठी हा मोठा घाव होता, कारण जमिनी आणि हक्क त्या कागदांवर उभे होते. उत्तर द्यायचे काम बेनेडिक्टाइन विद्वान ज्याँ माबियों यांच्याकडे आले. त्यांनी चिडून पत्रक काढले नाही. सहा वर्षे शेकडो कागद तपासले: शाई, अक्षराचे वळण, मोहोर, तारीख घालायची रीत, सहीचा नमुना. १६८१ मध्ये त्यांचा ग्रंथ आला आणि दस्तऐवज पारखण्याच्या शास्त्राचा तो पाया ठरला. तो वाचून पापेब्रोक यांनी माबियों यांना पत्र लिहून आपली हार मोकळ्या मनाने कबूल केली. आपल्या लेखनामुळे असा ग्रंथ जन्माला आला याचाच आनंद आहे, असे ते म्हणाले. विद्वानांच्या भांडणाचा इतका सुंदर शेवट मी दुसरा वाचलेला नाही. पापेब्रोक यांना पुढे स्पेनच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा, रोष सोसावा लागला. १६९५ मध्ये त्यांचे खंड निषिद्ध ठरले, कारण कार्मेलाइट संघाची स्थापना थेट एलिया संदेष्ट्याने केली हा दावा त्यांनी मान्य केला नव्हता.

मिशनऱ्यांनी इतर संस्कृतींचे ग्रंथ जाळले, त्याचे काय?

जाळले. १२ जुलै १५६२ रोजी आजच्या मेक्सिकोतल्या युकातानमधल्या मानी इथे फ्रान्सिस्कन संघाचे मिशनरी दिएगो दे लांदा यांनी माया लोकांचे ग्रंथ आगीत टाकले, आणि त्या लोकांना त्याचे फार दुःख झाले असे स्वतःच लिहिले. स्पॅनिश आक्रमणापूर्वीचे आज फक्त चार माया ग्रंथ ज्ञात आहेत. त्याच लांदा यांनी नंतर माया जीवनाचे वर्णन लिहिले, त्यात माया अक्षरांची एक नोंद होती. तिच्याच आधाराने १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह यांनी माया लिपी उलगडण्याची वाट दाखवली. एका कृत्याने दुसऱ्याची भरपाई होत नाही. दोन्ही नोंदवायला हवीत.

त्याच शतकात, त्याच संघाचे बर्नार्दिनो दे साहागुन १५२९ मध्ये मेक्सिकोत आले. प्रश्नावल्या तयार करून त्यांनी तिथल्या मूळ रहिवासी नाहुआ लोकांतल्या वृद्धांना विचारले आणि उत्तरे त्यांच्याच नाहुआत्ल भाषेत लिहून घेतली. अंतोनियो वालेरियानो यांच्यासारखे नाहुआ विद्वान या कामात बरोबरीने होते आणि चित्रेही नाहुआ चित्रकारांनी काढली. बारा भागांच्या या ‘फ्लॉरेन्टाइन कोडेक्स’च्या शेवटच्या भागात मेक्सिकोच्या पाडावाची कहाणी जिंकलेल्यांच्या तोंडून नव्हे, हरलेल्यांच्या तोंडून येते. १५७७ मध्ये राजा फिलिप दुसरा याने साहागुन यांचे लेखन जप्त करण्याचा हुकूम काढला, तरी हा ग्रंथ वाचला.

कोलंबसची रोजनिशी आपल्याला कशी मिळाली?

मूळ रोजनिशी हरवली. डोमिनिकन बार्तोलोमे दे लास कासास यांनी केलेला तिचा सविस्तर गोषवारा उरला, आणि पहिल्या सफरीचे जवळपास सगळे ज्ञान त्यावर उभे आहे.

हे जपण्याचे काम आजही चालू आहे का?

चालू आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या सेंट जॉन्स ॲबी या बेनेडिक्टाइन मठाशी जोडलेले हस्तलिखित ग्रंथालय १९६५ पासून जगभरच्या हस्तलिखितांची छायाचित्रे जमवत आहे. त्यांत ख्रिस्ती ग्रंथांबरोबर इस्लामी ग्रंथही आहेत. इराकमध्ये डोमिनिकन धर्मगुरू नजीब मिखाईल यांनी २०१४ मध्ये आयसिसच्या फौजा येत असताना मोसुल परिसरातली हस्तलिखिते गाड्यांत भरून कुर्दिस्तानात नेली. नंतर ते मोसुलचे आर्चबिशप झाले.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

बीड यांच्या प्रस्तावनेपासून. ती थोडीच पाने आहे आणि इतिहासकाराने माहिती कशी गोळा करावी ते त्यात कळते. मग युसेबियस यांचा पाचवा भाग उघडून ल्योंचे पत्र वाचावे, त्यानंतर ॲना कोम्नेनी यांचा दहावा भाग, जिथे धर्मयुद्धाच्या फौजा येतात. इंग्रजी भाषांतरे सहज मिळतात. फ्लॉरेन्टाइन कोडेक्सची सगळी पाने, चित्रांसह, इंटरनेटवर मोफत पाहता येतात. ज्यांना नाहुआत्ल किंवा स्पॅनिश येत नाही त्यांनी आधी फक्त अकराव्या भागातली प्राण्यांची आणि वनस्पतींची चित्रे पाहावीत, आणि मग बाराव्या भागाकडे वळावे.